सातबाऱ्याची नक्कल आणि संगणकीय तक्ता : अभिलेख-सुरक्षेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संकलित माहिती दुसऱ्याच्या हाती देताना तिचा मूळ स्रोत कितपत उघड व्हावा, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. महसुली दप्तरांना तो पूर्वीपासून परिचित आहे. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

नोंद आणि हक्क

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. खोती असलेल्या या किनाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव अधिकृत कागदावर असणे वा नसणे हा जगण्याचा प्रश्न होता. अलिबागजवळील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सुमारे सहा वर्षे चालला. पुढे १९४८ च्या कूळकायद्याने कुळाच्या नोंदीला निर्णायक महत्त्व आले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, सर्वच माहिती झाकणे म्हणजे संरक्षण नव्हे. हक्काची नोंद उघड असणे हेच दुर्बलांचे संरक्षण ठरते.

नक्कल आणि दुवा

सातबारा हा गाव नमुना सात व बारा यांचा एकत्रित उतारा होय. त्यातील नोंदीसमोर फेरफार क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे गाव नमुना सहाकडे, अर्थात फेरफार नोंदवहीकडे, जाणारा दुवाच होय. मात्र तलाठी हाताने नक्कल उतरवीत, तेव्हा वारसाचे जबाब किंवा व्यवहाराचे कागद तिच्यासोबत जात नसत. दुवा बाहेर जाई, दप्तर जागेवर राही. नकलेची मर्यादा लिहिणाऱ्याच्या हातानेच आखली जात असे.

संगणकीय तक्त्याने झालेला बदल

१९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हा संगणकीय तक्ता बाजारात आला. पुढील काळात एक तक्ता दुसऱ्या फाइलशी वा माहितीसाठ्याशी जोडण्याची सोय झाली. अशा तक्त्याची प्रत पाठविली असता मूळ फाइलचा मार्ग, तेथून आणलेली व साठून राहिलेली मूल्ये, लपविलेली पाने आणि सारांश-सारणीमागील संपूर्ण माहितीही सोबत जाऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकारातील एका अर्जाला तक्ता जोडून उत्तर दिले. त्यातील लपलेल्या पानामुळे ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे व नेमणुकीची ठिकाणे उघड झाली. विचारलेली होती ती केवळ संख्या.

महाविद्यालयांतून जाणाऱ्या शिष्यवृत्तीच्या तक्त्यांतही विद्यार्थ्यांची जात, उत्पन्न व बँक खाते असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे ही बाब आता केवळ सौजन्याची राहिलेली नाही.

निष्कर्ष

१) तक्ता पाठविण्यापूर्वी आवश्यक स्तंभांचीच नवी प्रत करावी, त्या प्रतीत सूत्रे व दुवे न ठेवता केवळ मूल्ये चिकटवावीत.

२) पान लपविणे किंवा त्याला संपादनबंदीचा संकेतशब्द लावणे म्हणजे गोपनीयता नव्हे. संवेदनशील माहिती पाठविणे अपरिहार्य असल्यास संपूर्ण फाइल सांकेतिकबद्ध करावी व संकेतशब्द वेगळ्या मार्गाने कळवावा.

३) हक्क सिद्ध करणारी नोंद आणि व्यक्तीला उघडे पाडणारा तपशील यांतील भेद पाठविणाऱ्यानेच करावयाचा आहे. हाताने नक्कल उतरविताना हा विवेक कामातच अंतर्भूत होता. यंत्राच्या प्रतीत तो जाणीवपूर्वक आणावा लागतो.