ऑक्टोपस आणि परसाकडं

आमच्या घरात संडास आला त्याच वर्षी मी पहिल्यांदा ऑक्टोपस पाहिला. अर्थात पुस्तकात. बिद्रीत ऑक्टोपस कुठून येणार? कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचं, कागल तालुक्यातलं आमचं गाव. चारी बाजूंना ऊस आणि मध्ये साखर कारखान्याचं धुराडं. गावाच्या थोडं पुढं मुदाळ तिट्ट्याला निपाणी-देवगड रस्ता लागतो. तो राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत थेट समुद्रापर्यंत जातो, हे मला माहीत होतं. पण त्या रस्त्याच्या शेवटापर्यंत आमच्या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं.

तेव्हा मी नऊ वर्षांचा असेन. परसात, गोठ्याच्या मागं, चार बाय चारची खोली उभी राहिली. वर पत्रा, पत्र्याचंच दार आणि दाराला आतून कडी. पहिले काही महिने आज्जीनं तिथं शेण्या रचल्या. पावसाळा तोंडावर होता आणि घरात एवढी कोरडी जागा दुसरी नव्हती. "एवढी चांगली खोली, तिथं घाण कशाला करायची?" असं तिचं म्हणणं. शेवटी वडिलांनी शेण्या बाहेर काढल्या आणि त्या खोलीचा पहिला नियमित वापर मी सुरू केला, वाचनासाठी. आमच्या घरात आतून कडी लावता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

तिथं बसून मी वाचनालयातून आणलेलं 'समुद्रसैतान' वाचलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचा भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला अवतार. पाणबुडी, कॅप्टन निमो आणि तो आठ हातांचा राक्षस. बाहेरून आज्जी दार वाजवत राहायची. "आरं, आत बसून काय करालायस एवढा येळ?" बाहेर आल्यावर मी तिला सगळी गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती हात म्हणालास?"

"आठ."

"बाईमाणसाला पुरं पडलं असतं बघ."

मी हसलो. तीही हसली. या वाक्याकडं मी परत येणार आहे.

---

आमच्या परसापर्यंत ऑक्टोपस कसा पोचला, हा प्रश्न मला पुढं पुण्यात नोकरी करताना पडला. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले दोष शोधणाऱ्या माणसाला संध्याकाळी असल्या गोष्टींचा माग काढायला बरं वाटतं.

कथा-कादंबरीतला ऑक्टोपस तसा अलीकडचा. खलाशांच्या दंतकथांमध्ये जहाजं गिळणारे प्राणी पूर्वीपासून होते, पण त्याला खऱ्या अर्थानं साहित्यात आणलं व्हिक्टर ह्यूगोनं. फ्रान्समधून हद्दपार झालेला ह्यूगो ग्वेर्नसी बेटावर राहत होता. १८६६ साली आलेल्या त्याच्या कादंबरीत गिलियात नावाचा खलाशी समुद्रातल्या गुहेत ऑक्टोपसशी चाकूनं झुंजतो. ऑक्टोपसासाठी ह्यूगोनं बेटावरच्या कोळ्यांच्या तोंडचा 'पिव्र' हा शब्द वापरला. तो इतका गाजला की फ्रेंच भाषेत कायमचा राहिला, आणि पॅरिसमध्ये तर त्या प्राण्याच्या नावाच्या टोप्या निघाल्या.

त्याच्या पाच वर्षं आधी, १८६१ साली, 'अलेक्तों' या फ्रेंच जहाजाला कॅनरी बेटांजवळ एक प्रचंड प्राणी दिसला होता. खलाशांनी त्याला दोरानं ओढायचा प्रयत्न केला आणि हाती आला फक्त शेपटाकडचा तुकडा. व्हर्ननं ही हकिकत उचलली, ह्यूगोची दहशत उचलली आणि १८६९-७० मध्ये क्रमशः छापल्या गेलेल्या आपल्या कादंबरीत पाणबुडीवरचा हल्ला लिहिला. लगेच पुढच्या प्रकरणात तो ह्यूगोच्या कादंबरीचा मान राखून उल्लेखही करतो. ऋण मान्य करण्याची ही पद्धत मला आवडते.

खरा ऑक्टोपस यातलं काही करत नाही. त्याला तीन हृदयं असतात, रक्त निळसर असतं आणि स्वभाव बहुधा लाजाळू. माणूस दिसला की तो रंग बदलतो, शाई सोडतो, फटीत शिरतो. हाडं नसल्यामुळं एवढ्याशा भोकातूनही निसटतो. कुणाच्या नजरेस न पडणं हीच त्याची आयुष्यभराची कसरत.

मराठीत हा राक्षस आणणारे भास्कर रामचंद्र भागवत १९१० साली इंदूरला जन्मले. १९५१ मध्ये त्यांनी 'बालमित्र' हे मुलांचं मासिक सुरू केलं. व्हर्नच्या कितीतरी गोष्टी त्यांनी मराठी मुलांच्या हातात दिल्या आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकलवर बसवून 'फास्टर फेणे' केलं. फेणे हा माझ्या पिढीपर्यंत पोचलेला हिरो. तो कुठंही जातो, एकटा जातो, रात्री-अपरात्री जातो आणि 'ट्टॉक्' करून परत येतो. भागवतांनी मराठी मुलांना घराबाहेर पडायला शिकवलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मुलींचं काय, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

---

आता दुसरी बाजू. संडासावर गंमतीचं पुस्तक असू शकतं हे मला कळलं ते पुण्यात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. हातात एक अगदी बारकं इंग्रजी पुस्तक आलं, अर्ध्या तासात वाचून होणारं. नाव 'द स्पेशालिस्ट', लेखक चार्ल्स 'चिक' सेल, साल १९२९. सेल हा अमेरिकेतला रंगमंचावरचा नकलाकार. त्याचं एक पात्र होतं लेम पट, परसातले संडास बांधणारा सुतार. बाकीचे सुतार सगळंच बांधतात, हा फक्त संडास, म्हणून स्पेशालिस्ट. इतर लोक आपली नक्कल चोरतायत हे पाहून सेलनं ती स्वतःच पुस्तकरूपात छापली आणि तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. पुढं अमेरिकेत 'चिक सेल' हा परसातल्या संडासासाठीचाच शब्द झाला. सेलला ते अजिबात आवडलं नाही. बिचाऱ्यानं सिनेमातही कामं केली, पण नाव उरलं ते तिथंच.

लेम पट अतिशय गंभीरपणे बोलतो, आणि विनोद तिथंच आहे. खड्डा किती खोल हवा, दार कुठल्या बाजूला उघडावं, सगळ्याची कारणमीमांसा. त्यातला एक सल्ला असा: संडास सरपणाच्या ढिगापलीकडं बांधावा. घरातली बाई संडासाकडं निघाली आणि वाटेत पुरुषमाणसं दिसली, तर तिला तसंच पुढं जायला लाज वाटते. मग ती सरपणाशी थांबते, दोन लाकडं उचलते आणि परत घरात येते, पुन्हा संधी बघायला. दिवसाअखेर घरात सरपणाची चांगली रास लागते.

हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग आज्जीच्या शेण्या आठवल्या. मग हसू थांबलं.

कारण हा विनोद खरं तर एका बाईच्या अवघडलेपणाचा आहे. तिला दार आहे, छप्पर आहे, फक्त तिथपर्यंत कुणाच्या नजरेत न येता पोचायचं आहे. आपल्याकडंही संडासाचा विनोद शहरात रुजला, चाळीत. सकाळची रांग, हातातलं टमरेल, दारावरच्या थापा, आत बसलेल्याचं खोकणं, हे मराठी विनोदाचं हक्काचं भांडवल. पण तिथंही दार आहेच; दाराशिवाय त्यावर थाप पडत नाही. ज्याला उघड्यावर बसावं लागतं त्याच्याबद्दलचा विनोद तो स्वतः फारसा लिहीत नाही. त्याच्यावर दुसरेच हसतात.

आमच्याकडं हे हसणं योजनाबद्धही झालं. २०००-०१ मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. कोल्हापूर जिल्ह्यातली गावं त्यात हिरिरीनं उतरली आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत कडीचं दार आलं ते याच काळात. पण त्याचबरोबर ठिकठिकाणी 'गुड मॉर्निंग पथकं'ही निघाली. भल्या पहाटे रस्त्याकडंला बसलेल्यांसमोर जाऊन शिट्टी वाजवायची, हातात गुलाबाचं फूल द्यायचं. पुरुष ही गोष्ट पुढं हसत सांगतात. बायकांकडून ती मी हसत सांगितलेली ऐकली नाही.

---

या विषयात विनोद न करता उतरलेला माणूस मला त्याच निपाणी-देवगड रस्त्याच्या टोकाकडं सापडला. कणकवलीचे अप्पासाहेब पटवर्धन, 'कोकणचे गांधी'. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं मैलासफाईचं काम जात बघून दिलं जाई. ते काम मला द्या, अशी उच्चवर्णीय अप्पांची मागणी होती. नकार मिळाल्यावर त्यांनी उपोषण सुरू केलं. त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडलं. एका माणसाला संडास साफ करायचा हक्क मिळावा म्हणून दोन तुरुंगांत दोन उपोषणं. साहसकथा म्हणून सांगितली तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

पुढं १९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. कुणाला हातानं मैला उचलावा लागणार नाही आणि शेताला खत मिळेल अशा संडासांवर ते काम करत राहिले. त्यांच्या कामाचा धागा देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉ. सुहास मापुसकर यांनी उचलला. १९५९ पासून त्यांनी तुकोबांच्या गावात संडासाचा प्रश्न धरून ठेवला आणि मैल्यापासून गॅस बनवणारं संयंत्र सुधारत नेलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. लेम पटचे सगळेच प्रश्न या दोघांपुढंही होते: खड्डा किती, दार कुठं, वास कसा थांबवायचा. फरक एवढाच की आपल्याकडं आणखी एक प्रश्न होता, साफ कोण करणार, आणि त्याचं उत्तर जातीनं आधीच देऊन ठेवलं होतं. सेलच्या पुस्तकात तो प्रश्न येत नाही. म्हणून ते पुस्तक हलकं राहू शकलं.

---

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आज्जीला 'द स्पेशालिस्ट'मधली सरपणाची गोष्ट सांगितली. ती लगेच म्हणाली, "मग? आमी काय वेगळं करत हुतो?" आणि मग बराच वेळ बोलत राहिली. इतकी वर्षं मी तिला विचारलंच नव्हतं.

ती म्हणाली, ऊस उभा असेपर्यंत बरं असायचं, आडोसा असायचा. पण दिवाळीच्या सुमाराला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की फड तुटायचे आणि एकेक करून आडोसे जायचे. मग उरायची रस्त्याची कड. हंगामात रस्ताही झोपत नाही. रात्रभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. लांबून दिवा दिसला की उठून उभं राहायचं, पदर डोक्यावर ओढायचा, तोंड फिरवायचं. गाडी गेली की बसायचं. दुसरा दिवा आला की परत उठायचं. म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी प्यायचं. पोट बिघडलेल्या रात्री तर काय, विचारू नको.

आमच्या गावाची सगळी समृद्धी त्या ट्रॅक्टरांवर आली. माझी इंजिनिअरिंगची फीसुद्धा उसाच्या बिलातूनच भरली गेली. लहानपणी रात्री अंथरुणात पडून मी त्या दिव्यांचे कवडसे भिंतीवर सरकताना बघायचो, आणि मला ते पाणबुडीचे दिवे वाटायचे.

"आणि तू म्हणाली होतीस, आठ हात पुरं पडलं असतं, ते काय?" मी विचारलं.

तिला आठवत नव्हतं. पण हिशोब तिनं जागेवरच केला, एकेक बोट मिटत. "एका हातात टमरेल. एकात बॅटरी. एकात काठी, कुत्र्यांस्नी आणि जनावराला. एक पदराला. एका हाताला तुझी आत्या, ती तवा बारकी, एकटी घरात ऱ्हायाची न्हाई." पाच बोटं मिटून झाली. तिनं मुठीकडं बघितलं. "तीन उरत्यात की."

माझ्या शेल्फवर आज 'समुद्रसैतान' आणि 'द स्पेशालिस्ट' शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यामध्ये एक पुस्तक बसेल एवढी जागा मी ठेवली आहे. ते माझ्या आज्जीनं सांगायचं आणि कुणीतरी लिहून घ्यायचं पुस्तक आहे. आज्जी बोलायला तयार आहे. या हंगामात गावी जाईन तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तिच्याशेजारी बसणार आहे.