खासगी आणि दौलत

स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय कोणताही चालेल, फक्त पाण्याच्या टाकीवर नको, त्यावर तीन लेख आलेत, असं आपल्या सेक्रेटरींनी मला बजावलं. कॉलेजात माझा विषय इतिहास होता आणि पुढची छत्तीस वर्षं बँकेत गेली. तेव्हा या दोन्हींचा मेळ बसेल असं काहीतरी लिहावं म्हटलं. विषय आहे अहिल्याबाई होळकर. त्यांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने मध्यंतरी पुष्कळ भाषणं झाली. बहुतेक भाषणांत देवळं, घाट, हातातली पिंड आणि पांढरं वस्त्र एवढंच होतं. मला मात्र त्यांच्या खात्याविषयी सांगायचं आहे.

आपल्या इतिहासात राज्य चालवणाऱ्या बायका कमी नाहीत. अहमदनगरच्या चांदबिबीने १५९५-९६ च्या वेढ्यात शाहजादा मुरादच्या फौजेपुढे किल्ला राखला. पण ती राज्य करत होती बहादूर या अल्पवयीन निजामशहाच्या नावाने. १६०० साली मोगल पुन्हा आले आणि तिच्याच पक्षातल्या लोकांनी तिला ठार केलं. ताराबाईंचं तर काय सांगावं! १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर पुढची सात वर्षं त्यांनी खुद्द औरंगजेबाशी युद्ध चालवलं, तेही मुलाच्या नावाने. १७१४ साली कोल्हापुरात सवत राजसबाईंनी आपला मुलगा गादीवर बसवला आणि ताराबाई कैदेत गेल्या. कर्तृत्वात दोघी कुठेही कमी नव्हत्या. पण अधिकार मुलाच्या नावावर असला की मूल बाजूला केलं की अधिकारही गेला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्या अज्ञान खातेदाराच्या पालक म्हणून सही करत होत्या.

अहिल्याबाईंची गोष्ट निराळी पडली ती इथे. आणि तिची सुरुवात त्यांच्यापासून नव्हे, त्यांच्या सासूबाईंपासून होते.

चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही लेक, जन्म १७२५ चा. १७३३ च्या सुमारास मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव याच्याशी तिचं लग्न झालं. त्याच सुमाराला, १७३४ साली, मल्हाररावांनी थोरल्या बाजीरावांकडून एक स्वतंत्र जहागीर मिळवली ती पत्नी गौतमाबाईंच्या नावाने. सालीना उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये. हीच होळकरांची ‘खासगी’. सरदारकीचा जो मुलूख होता, ज्यातून फौजेचा खर्च आणि पेशव्यांचा भरणा व्हायचा, ती ‘दौलत’. दोन वेगळी खाती. दौलतीत सरदार बदलेल, कर्ज होईल, पुण्याहून मागणी येईल. खासगीला त्याची झळ नाही, ती घरच्या बाईची. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि खासगी सुनेकडे आली.

मल्हाररावांना नुसता शूर सरदार म्हणणं मला अपुरं वाटतं. त्या काळी बायकोच्या नावाने सनद करून घेणारा माणूस दूरचं बघत होता. सुनेलाही त्यांनी तसंच तयार केलं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने मारला गेला. अहिल्याबाई सती जायला निघाल्या तेव्हा त्यांना मल्हाररावांनीच थांबवलं. १७६५ चं त्यांचं सुनेला पाठवलेलं एक पत्र आहे. त्यात चंबळ उतरून ग्वाल्हेरकडे जा, तोफखाना बरोबर ठेवा, दारूगोळ्याची तजवीज करा, अशा सूचना आहेत. सासरा सुनेला लिहितोय, आणि पत्रात पापड-लोणच्याचा विषयच नाही.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि वर्षभरात अहिल्याबाईंचा एकुलता मुलगा मालेरावही गेला. आता घरात ज्याच्या नावाने कारभार करावा असं मूलच उरलं नाही. दिवाण गंगोबातात्या चंद्रचूडांनी सल्ला दिला की एखादं लहान मूल दत्तक घ्या. म्हणजे मूल गादीवर आणि कारभार तात्यांकडे! बाईंनी साफ नकार दिला. एका सरदाराची मी पत्नी, दुसऱ्याची आई, वारस ठरवायचा हक्क माझा, असं त्यांचं म्हणणं. तात्यांनी राघोबादादांना बोलावलं, दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाईंनी लढाईची तयारी केली. स्वतःच्या हत्तीच्या हौद्याला चारी कोपऱ्यांना धनुष्य आणि भाते बांधून घेतले. शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रं गेली, पुण्याला माधवराव पेशव्यांकडेही गेली. माधवरावांनी बाईंच्या बाजूने कौल दिला आणि दादांना आपण दुखवट्यासाठी आलो होतो असं म्हणावं लागलं.

पुढची व्यवस्था बघण्यासारखी आहे. फौज तुकोजी होळकरांकडे, मुलकी कारभार आणि खजिना बाईंकडे. तुकोजी वयाने मोठे, पण त्यांना आई म्हणत. सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही. तुकोजींना मोहिमेसाठी सतत पैसा लागायचा आणि बाई हिशेब मागायच्या, त्यावरून वर्षानुवर्षं कुरबुरी झाल्या. ज्यांनी शाखेचं लेखापरीक्षण पाहिलंय त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला फार त्रास पडू नये.

सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्याच्या कारभारावर होता. त्याने बाईंना पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बरंच टिपून ठेवलं आणि ते १८२३ साली पुस्तकात छापलं. होळकरांचा खजिना हातात आला तेव्हा बाईंनी तुळशीपत्र आणि पाणी सोडून तो धर्मकार्याला वाहिला, असं त्यात आहे. आपण हे भक्तिभावाने वाचतो. मला त्यात व्यवहारही दिसतो. एकदा तुळशीपत्र ठेवल्यावर तो पैसा कोण मागणार?

काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० चं, गयेचं विष्णुपद १७८७ चं, शिवाय सोमनाथ, आपल्या वेरूळचं घृष्णेश्वर. आता नकाशा बघा. काशी होळकरांच्या मुलखात नव्हती, गयाही नाही. काशी आपल्याकडे यावी म्हणून पेशव्यांनी काय कमी खटपट केली? ती आली नाही. जिथे मराठ्यांची फौज टिकली नाही तिथे खासगीचे रुपये पोचले आणि राहिले.

माल्कमच्या पुस्तकातली मला सर्वांत आवडणारी हकीकत देवळांची नाहीच. इंदूरला देवीचंद नावाचा सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ तेव्हा जवळच होता. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं आणि त्यांनी त्या मालमत्तेवर नजर टाकली. सावकाराची विधवा थेट महेश्वरला बाईंपुढे उभी राहिली. बाईंनी ऐकून घेतलं, तिला वस्त्र देऊन घराची आणि मालमत्तेची मालकीण म्हणून मान्यता दिली. त्याच वेळी तुकोजींना हुकूम गेला की इंदूरपासून तळ हलवा आणि माझ्या शहराला त्रास देऊ नका. सिरोंजलाही असंच एक प्रकरण झालं. दत्तकाला मंजुरी देण्यासाठी तिथल्या अधिकाऱ्याने सावकाराच्या विधवेकडे तीन लाख मागितले. बाईंनी अधिकाऱ्याला काढलं, दत्तक मंजूर केला आणि नजराण्याचा एक पैसाही घेतला नाही.

यात दया होतीच. पण माझ्यातला बँकवाला म्हणतो, नुसती दया नव्हे. काशी-गयेला पैसा पोचवायचा तर सावकारांच्या हुंड्यांवरच. मेल्यावर बायकोचं धन लुटलं जाणार नाही अशी खात्री असली तरच सावकार गावात पेढी टाकतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लेख आरतीसारखा होईल. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी १७८७-८८ च्या सुमारास बंड केलं तेव्हा बाईंच्या फौजेने ते मोडलं आणि पुढारी सौभागसिंगाला तोफेच्या तोंडी दिलं. आणि १७९१ मध्ये जावई वारल्यावर मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने पाया पडून विनवलं, तरी ती ऐकली नाही. हजारो माणसांना हुकूम देणारी बाई तिथे हतबल झाली.

बँकेत असताना नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन आलेल्या किती बायका काउंटरपलीकडे पाहिल्या, मोजदाद नाही. खातं कुठल्या शाखेत, लॉकर आहे की नाही, काही ठाऊक नसे. १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला संपूर्ण मालकी दिली होती, पण पासबुक कपाटात कुठल्या कप्प्यात आहे ते कायदा कसा सांगणार? पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीची पहिली भागपत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा बहुतेकांवर एकच नाव होतं, आणि ते कुणाचं हे सांगायला नको. आज निम्म्याहून अधिक भागपत्रांवर दोन नावं आहेत. २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. कारण कुठलंही असो, नाव लागलं हे खरं.

अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ ला गेल्या. खासगी मात्र पुढेही वेगळीच राहिली. संस्थान विलीन झाल्यावर १९६२ साली तिच्या देवळा-घाटांसाठी ट्रस्ट झाला. त्या मालमत्तांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ट्रस्टला सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करायला सांगितलं.

महेश्वर इंदूरहून साधारण ९० किलोमीटर आहे. सोसायटीची सहल उज्जैन-ओंकारेश्वरला जाते तेव्हा तिथे नुसतं साडीखरेदीपुरतं थांबू नये ही विनंती. (साड्या जरूर घ्या, महेश्वरी विणकरांना आश्रय बाईंचाच.) वाड्यात बाईंची गादी आहे. पांढरी चादर, पांढरा लोड, बस्स. घाटावर जायच्या आधी ती बघा. दुपारी गेलात तर आणखी बरं. माल्कमच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा दरबार दोन वाजता सुरू व्हायचा.