कन्फ्युशियसचा नेतृत्वविचार आणि भाई कोतवाल यांचे कार्य : कर्जत परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

राज्यकर्त्याचा अधिकार कशावर टिकतो, हा राज्यशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. चीनमधील लू राज्यात जन्मलेल्या कन्फ्युशियसने (इ.स.पू. ५५१ ते ४७९) या प्रश्नाचे उत्तर दंडशक्तीत न शोधता नैतिक आचरणात शोधले. हा विचार रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पोशीर, नेरळ, माथेरान या परिसराच्या इतिहासाशी ताडून पाहणे उद्बोधक ठरते. भाई कोतवाल यांच्यावर कन्फ्युशियसचा प्रभाव होता असे येथे सुचवायचे नाही. केवळ विचारसाम्य व विचारभेद पाहावयाचा आहे.

कन्फ्युशियसचा विचार :

अन्न, शस्त्र आणि प्रजेचा विश्वास हे राज्याचे तीन आधार होत. प्रसंगी शस्त्र सोडावे, नंतर अन्नही सोडावे. परंतु विश्वास गमावल्यास राज्य उभे राहू शकत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. राजा-प्रजा, पिता-पुत्र, पती-पत्नी, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र-मित्र हे पाच संबंध या परंपरेत समाजाचा पाया मानले गेले. प्रत्येकाने आपल्या नावाला साजेसे वागावे, हा ‘नामशुद्धी’चा सिद्धांत होय. त्याचाच पुढील टप्पा मेन्शियसने मांडला : राजधर्म सोडणारा राजा राजा उरतच नाही.

भाई कोतवाल यांचे कार्य :

विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे नाभिक कुटुंबात झाला. वकिलीचे शिक्षण घेऊनही त्यांनी लोककार्य पत्करले. पावसाळ्यात खावटीसाठी सावकाराकडून भात उचलायचे आणि सुगीला ते वाढीदिढीने फेडायचे, या चक्रात येथील शेतकरी व आदिवासी अडकले होते. कोतवालांनी धान्यकोठी उभारून त्यावर उपाय शोधला आणि खेड्यापाड्यांत शाळा सुरू केल्या. अन्नातून विश्वास निर्माण झाला आणि त्या विश्वासावरच पुढील लढा उभा राहिला.

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ संघटित केला. दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. सरकारने बक्षीस जाहीर केले, तरी गावकऱ्यांनी आसरा व भाकरी दिली. अखेर खबर मिळाल्याने २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी सिद्धगडावर हल्ला केला. त्यात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले.

साम्य आणि भेद :

लोकांचे पोट भरणे व त्यांना शिक्षण देणे ही नेत्याची कर्तव्ये दोन्हीकडे दिसतात. परकीय सत्तेने राजधर्म सोडल्यावर तिची आज्ञा बंधनकारक राहत नाही, ही मेन्शियसची भूमिकाही येथे लागू पडते. भेद मात्र महत्त्वाचा आहे. कन्फ्युशियसच्या पाचांपैकी चार संबंध श्रेष्ठ-कनिष्ठतेवर आधारलेले होते. कोतवालांचे नेतृत्व जन्मजात श्रेष्ठत्वातून आले नव्हते. जातिव्यवस्थेने खालचे मानलेल्या समाजातील तरुणाच्या मागे निरनिराळ्या जातीजमातींचे लोक उभे राहिले. येथे मित्र-मित्र हा पाचवा, समानतेचा संबंधच निर्णायक ठरला.

निष्कर्ष :

पुष्कळांनी जपलेला विश्वास एका फितुरीनेही धोक्यात येतो, हे सिद्धगडाने दाखविले. तथापि त्यामुळे विश्वासाचे मूल्य कमी होत नाही. शस्त्रसज्ज सत्ता १९४७ मध्ये गेली. कोतवाल व पाटील यांचे स्मरण मात्र दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर केले जाते.