माँटगोमेरीचा जज्ज

न्यायाधीश म्हटलं की आपल्याला आठवतात रामशास्त्री प्रभुणे. नारायणरावाच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सुनावलं आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. पण समजा, शास्त्रीबुवा पुण्यातच राहिले असते तर? त्याच पेठेत, त्याच खुर्चीवर, समोर तेच राघोबादादा, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं दर थोड्या दिवसांनी एक नवा खटला?

असं आयुष्य प्रत्यक्षात जगलेला एक जज्ज अमेरिकेत होऊन गेला. फ्रँक एम. जॉन्सन. गाव माँटगोमेरी, राज्य अलाबामा.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची वेगळी. केंद्राच्या उतरंडीत सगळ्यात खालची पायरी म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. साक्षी, पुरावे, उलटतपासणी सगळं इथं होतं. वरची कोर्टं कागद वाचतात, इथला जज्ज माणसं बघतो. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, सिनेट मंजुरी देते आणि ती असते तहहयात. अलाबामाच्या स्वतःच्या कोर्टातले जज्ज मात्र निवडणूक लढवून येतात, म्हणजे त्यांना मतदारांची मर्जी सांभाळावी लागते. केंद्राच्या जज्जाला ती भीती नाही. पण मंडळी, खुर्ची पक्की असली तरी घर त्याच गावात असतं ना!

जॉन्सन बाहेरचे नव्हते. १९१८ साली अलाबामाच्याच विन्स्टन काउंटीत जन्म. हा डोंगराळ, गरीब शेतकऱ्यांचा भाग. १८६१ मध्ये राज्य अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा इथल्या लोकांनी विरोध केला होता, आणि पुढंही हा मुलूख रिपब्लिकनांचा राहिला. बाकी अलाबामा डेमोक्रॅटांचं. त्यामुळे आयझेनहॉवरना तिथं रिपब्लिकन वकील हवा होता, तेव्हा हे नाव सहज पुढं आलं. नॉर्मंडीत जखमी झालेला माजी सैनिक, काही वर्षं सरकारी वकील, आणि १९५५ च्या नोव्हेंबरात माँटगोमेरीचा जज्ज. वय ३७.

जेमतेम तीन-चार आठवडे झाले असतील, १ डिसेंबरला रोझा पार्क्स या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. पुढचा बहिष्कार आपल्याला माहीत असतो. पण बसमधला वर्णभेद संपला तो ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्यानं, आणि त्यात पार्क्सबाई वादी नव्हत्याच! वादी होत्या दुसऱ्या चार जणी. त्यातली एक क्लॉडेट कॉल्व्हिन. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, वयाच्या १५ व्या वर्षी, याच कारणासाठी तिला अटक झाली होती. तिची साक्ष जॉन्सनसमोर झाली. तीन जज्जांचं खंडपीठ, त्यात जॉन्सन सर्वांत नवे. ५ जून १९५६ ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला: बसमधली सक्तीची विभागणी घटनाबाह्य. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं तो कायम केला.

मग सुरू झाला ‘निकालानंतरचा दिवस’. त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला. धमकीची पत्रं आणि फोन नेहमीचे झाले. गावातल्या बड्या मंडळींनी आमंत्रणं थांबवली. आणि १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब पडला. सुदैवानं आई वाचली.

त्यांचे राघोबादादा म्हणजे जॉर्ज वॉलेस. लॉ कॉलेजमधला जुना दोस्त! वॉलेस आधी राज्याच्या कोर्टात निवडून आलेला जज्ज होता. १९५८-५९ मध्ये केंद्राच्या नागरी हक्क आयोगानं मतदार नोंदणीची कागदपत्रं मागितली, त्यानं जाहीरपणे नाही म्हटलं. जॉन्सननी हुकूम काढला. वॉलेसनं वरून गर्जना केली आणि आतून ग्रँड ज्युरीमार्फत कागद गुपचूप पोचते केले. जॉन्सननी त्याला तुरुंगात पाठवलं नाही, कागद मिळाले हे निकालात लिहून टाकलं. म्हणजे हुतात्मा व्हायची संधीच काढून घेतली. पुढं प्रचारात वॉलेसनं या मित्राला खोटारडा म्हटलं, आणि १९६३ मध्ये तो गव्हर्नर झाला.

इथं कोणाला वाटेल की जॉन्सन म्हणजे चळवळीचाच माणूस. तसं अजिबात नाही. टस्कीगी शहराची हद्द अशी आखली होती की जवळजवळ सगळे काळे मतदार बाहेर पडावेत. तो दावा जॉन्सननी फेटाळला, कारण जुन्या निकालांनी हात बांधलेत असं त्यांचं मत होतं. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते उलटवलं. १९६१ मध्ये त्यांनी क्लॅनला हिंसेपासून आणि पोलिसांना हयगयीपासून रोखलं, पण फ्रीडम रायडर्सवरही तात्पुरती बंदी घातली. दोन्ही बाजूंना चिडवणारा माणूस!

सेल्मातही तसंच. ७ मार्च १९६५ ला पुलावर मोर्चेकऱ्यांना बेदम मारहाण झाली. दोन दिवसांनी पुन्हा मोर्चा निघणार होता, तो जॉन्सननी थांबवला: आधी सुनावणी, मग काय ते. सुनावणीत साक्षी झाल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात दाखवली गेली, मतदार नोंदणीचे आकडे आले. सेल्मा ज्या काउंटीत येतं तिथं मतदानाच्या वयाच्या काळ्या नागरिकांपैकी जेमतेम दोन टक्क्यांची नोंद होती. १७ मार्चला निकाल आला. त्यातलं सूत्र असं, की अन्याय जेवढा मोठा, तेवढा निषेधाचा हक्कही मोठा. आणि हा अन्याय प्रचंड आहे. पण लगेच पुढं व्यवहार: रस्ता दोन पदरी असेल तिथं ३०० च माणसं चालतील. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र पुढचं वाटतं. १९७० मध्ये टस्कलूसाच्या ब्राइस या सरकारी मनोरुग्णालयाबद्दल एक दावा आला. पाच हजारांवर रुग्ण, उपचार नावापुरते. जॉन्सन म्हणाले, उपचारांसाठी म्हणून माणसाला कोंडता, मग उपचार हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. १९७१ मध्ये राज्याला सहा महिने दिले: निकष तुम्हीच ठरवा. काही झालं नाही. मग १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच यादी काढली. एका खोलीत जास्तीत जास्त सहा रुग्ण. माणशी किमान ८० चौरस फूट जागा. आठ रुग्णांमागे एक संडास.

हसू नका. आमच्या धंद्यात ‘पुरेशी सोय असावी’ अशी रिक्वायरमेंट आली की समजायचं, काहीही होणार नाही. टेस्टर तपासणार काय? ‘आठांमागे एक’ म्हटलं की कोणीही जाऊन मोजू शकतो. ‘मानवी प्रतिष्ठा’ हा शब्द कोणालाही लिहिता येतो, तिला संडासांच्या संख्येत उतरवायला जॉन्सन लागतो.

आक्षेप तेव्हाही होता आणि तो फालतू नाही: न निवडलेला एक माणूस राज्याची इस्पितळं, आणि १९७६ नंतर तुरुंगसुद्धा, कोर्टातून चालवणार? पैसा करदात्याचा, जबाबदारी कोणाची? मी स्वतःशी बराच वाद घातला. शेवटी क्रमाकडे बघावंसं वाटतं. आधी पुरावा, मग मुदत, मग वाट बघणं, आणि राज्य हललंच नाही तेव्हा यादी. त्या इस्पितळात कोंडलेल्या माणसांना कुठला आमदार मतं मागायला जाणार होता? ज्यांच्याकडे मतच नाही, त्यांच्यासाठी मत न मागणारा माणूस कुठंतरी बसलेला असावा लागतो.

१९७७ मध्ये कार्टरनी त्यांना एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं, पण प्रकृतीमुळे ते राहिलं. १९७९ मध्ये अपील कोर्टात बढती मिळाली. १९९२ मध्ये माँटगोमेरीच्या त्याच कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. १९९९ मध्ये ते गेले. आणि ब्राइसचा तो खटला? तो बंद झाला २००३ मध्ये. तेहतीस वर्षं कोणीतरी मोजत होतं.