वर्गणीचा उंबरठा आणि खुले सभागृह : गिरगाव, दादर व परळ येथील वाचनालयांच्या उपक्रमांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मुंबईतील मराठी वाचनालयांचा इतिहास प्रामुख्याने ग्रंथसंख्या, इमारती आणि देणगीदार यांच्या आधारे सांगितला जातो. वाचनालयांनी भरविलेली व्याख्याने, मुलांसाठी घेतलेले कथाकथन, सुट्टीतील वाचन-योजना, वस्त्यांत पाठविलेल्या पुस्तकांच्या पेट्या यांची नोंद वार्षिक अहवालांत 'इतर उपक्रम' या सदराखाली येते. उपक्रम म्हणजे मुख्य कार्याला दिलेली जोड, असे या मांडणीत गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचा फेरविचार केला आहे. ज्या शहरात पुस्तक घरी नेण्यासाठी वर्गणी आणि अनामत भरावी लागत होती, त्या शहरात उपक्रम हाच वाचनालयाचा खऱ्या अर्थाने सार्वजनिक भाग होता, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

'सार्वजनिक' या शब्दाची व्याप्ती :

पाश्चात्त्य देशांत सार्वजनिक ग्रंथालय ही संकल्पना कराशी जोडलेली आहे. अमेरिकेत १८४८ च्या कायद्याने बोस्टन शहराला ग्रंथालय चालविण्याचा अधिकार मिळाला आणि इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने नगरपालिकांना त्यासाठी कर बसविण्याची मुभा दिली. ग्रंथालय नागरिकांच्या करातून चालत असल्याने त्याचा लाभ विनामूल्य मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. १८९० च्या दशकात क्लीव्हलँड, पिट्सबर्ग अशा शहरांतील ग्रंथालयांनी शाळांच्या उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी वाचनाचे विशेष कार्यक्रम सुरू केले. तेव्हा आधीच उघड्या असलेल्या दाराकडे मुलांना वळविणे एवढेच त्यांचे काम होते.

मुंबईची परंपरा याहून वेगळी आहे. येथील ग्रंथालये सभा, मंडळी आणि संस्था यांच्यामधून जन्मास आली. १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापन केलेल्या लिटररी सोसायटीतून पुढे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय वाढले. ते दीर्घकाळ युरोपीय सभासदांपुरते मर्यादित होते. १८४५ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली. पुढे धोबीतलाव येथे 'पीपल्स फ्री रीडिंग रूम अँड लायब्ररी' या नावाने ती ओळखली गेली. हे नावच बोलके आहे. त्यात 'फ्री' हे विशेषण वाचनकक्षाला लागलेले आहे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी साहित्य व विज्ञान सभा स्थापन केली आणि तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखांनी निबंधवाचन व व्याख्यानांची प्रथा रूढ केली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १ ऑगस्ट १८९८ रोजी स्थापन झाले, तेव्हा सभासदांनी वर्गणी काढून संस्था चालवावी ही रीत शहरात रुळलेली होती.

या रीतीने मराठी समाजाला मोठे ग्रंथधन मिळवून दिले, हे निःसंशय. सरकारी आश्रयाविना भाषेचा संग्रह उभा राहिला, दुर्मीळ दोलामुद्रिते जतन झाली आणि १९४८ मध्ये याच संग्रहालयाच्या आश्रयाने अ. का. प्रियोळकर यांच्या संचालकत्वाखाली मराठी संशोधन मंडळ सुरू झाले. तथापि सभासदत्वाला एक उंबरठा असतो. वर्गणी, अनामत, ओळखीच्या माणसाची शिफारस आणि कायमचा पत्ता या चार गोष्टी गिरगावातील कारकुनाजवळ असत. खानावळीत जेवणाऱ्या आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या परळच्या गिरणी कामगाराजवळ त्या क्वचितच असत.

या उंबरठ्याला जातीचीही बाजू होती. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून उभारलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. या ठरावाचा निकष सार्वजनिक निधी हा होता. सभासदांच्या वर्गणीवर चालणारे वाचनालय नावाने सार्वजनिक असले, तरी या निकषात ते सहज बसत नव्हते.

ऋतू, सुट्टी आणि व्याख्यान :

उपक्रमांचा इतिहास पाहताना त्यांचे वेळापत्रक लक्षात घेणे आवश्यक आहे. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. न्यायालये आणि महाविद्यालये बंद असण्याच्या काळात सुशिक्षितांनी एकत्र येऊन ज्ञानचर्चा करावी, ही त्यामागील योजना होती. प्रौढांसाठी योजलेला हा उन्हाळी ज्ञानोपक्रमच होय, आणि अमेरिकन ग्रंथालयांच्या सुट्टीतील योजनांहून तो आधीचा आहे. मुंबईत हिंदू युनियन क्लबची हेमंत व्याख्यानमाला प्रसिद्ध होती. तिच्या नावातही ऋतू आहे, पण तो हिवाळा आहे.

मुंबईचा मे महिना गावी जाण्याचा असतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या भागांतून आलेल्या कुटुंबांची मुले परीक्षा संपताच आजोळी वा मूळ गावी जातात आणि चाळी अर्ध्या रिकाम्या होतात. त्यामुळे शहराच्या सार्वजनिक जीवनाने आपला ऋतू अन्यत्र शोधला. १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईक चाळीत मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला आणि त्यानंतर चाळीचा चौक हेच व्याख्यान, कीर्तन व मेळे यांचे सभागृह बनले. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि शरद ऋतूलाही वाचनाचा हंगाम लाभला. आजही ठराविक रक्कम घेऊन दिवाळी अंक आळीपाळीने वाचावयास देण्याची योजना हा अनेक मराठी वाचनालयांचा वर्षातील सर्वांत गजबजलेला उपक्रम आहे. मुंबईत उन्हाळी वाचन-योजना का रुजली नाही, असा प्रश्न विचारण्याऐवजी मुंबईचा वाचनऋतू कोणता, असा प्रश्न विचारणे अधिक योग्य ठरते.

गिरणी कामगाराला तर ऋतूच्याही आधी तास मिळणे आवश्यक होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा कामाचा दिवस बारा तासांवर मर्यादित केला, १९२२ मध्ये तो अकरा आणि १९३४ च्या कायद्याने दहा तासांवर आला. सायंकाळचे व्याख्यान, रात्रशाळा आणि रविवारचे वाचन यांचा विस्तार या आकड्यांशी जोडूनच वाचला पाहिजे.

परळ : वाचकाकडे गेलेले वाचनालय :

भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, आरोग्यविषयक व्याख्याने, विनामूल्य वाचनकक्ष आणि फिरती वाचनालये हे लीगचे आरंभीचे उपक्रम होते. फिरत्या वाचनालयात पुस्तके पेटीत भरून वस्तीत पाठविली जात. वाचकाने संस्थेकडे येण्याऐवजी संस्थेने वाचकाकडे जावे, असा हा क्रमबदल होता. जादूच्या दिव्याच्या साहाय्याने दिलेली व्याख्याने अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांनाही सामावून घेत. टाटा व करीमभाई इब्राहिम या गिरणीसमूहांनी कामगारांसाठी काढलेल्या संस्थांचे व्यवस्थापनही लीगकडे होते.

याच काळात बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या साहाय्याने १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे उभारले. तेथेही फिरत्या पेट्या होत्या आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. परंतु बडोद्याच्या पेटीमागे राज्यसत्ता व तिचा खजिना होता. परळच्या पेटीमागे होते स्वयंसेवक, देणग्या आणि काही गिरणीमालकांचे साहाय्य. बडोद्याची योजना सयाजीरावांनंतरही शासनव्यवस्थेचा भाग म्हणून टिकू शकली. परळच्या योजनेचे आयुष्य संस्थेच्या आर्थिक बळावर अवलंबून राहिले.

लीगच्या परळ येथील दामोदर हॉलला या इतिहासात विशेष स्थान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मार्च १९२४ रोजी येथेच बैठक बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेचे कार्यालयही याच वास्तूत होते. वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढून बहिष्कृत वर्गात ज्ञानाचा प्रसार करणे हे सभेच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक होते. १९२३ च्या ठरावाने जो प्रश्न अनुत्तरित ठेवला होता, त्याचे हे कृतिशील उत्तर होते. ज्यांना इतरांच्या वाचनालयात प्रवेशाची शाश्वती नव्हती, त्यांनी स्वतःच्या वाचनालयाचा संकल्प सोडला. येथे वाचनालय, सभा आणि अभ्यासवर्ग यांना परस्परांपासून वेगळे करताच येत नाही.

दादर : बालवाचक आणि सुट्टी :

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेमुळे मध्यमवर्गाची वस्ती हळूहळू उत्तरेकडे सरकली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी सांस्कृतिक जीवनाचे केंद्र गिरगावातून दादरला आले. शाळा, नाट्यसंस्था, प्रकाशक आणि वाचनालये यांच्या सान्निध्यामुळे दादर परिसरात मुलांसाठीच्या उपक्रमांना अनुकूल भूमी मिळाली.

११ जून १९५० रोजी साने गुरुजींचे निधन झाले. पुढच्याच वर्षी प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी मुलांना एकत्र बसवून गोष्ट सांगणे एवढेच तिचे साधे स्वरूप होते आणि त्या साधेपणातच तिचे बळ होते. गोष्ट ऐकण्यासाठी अनामत लागत नाही, घरी पुस्तक नेण्याचा प्रश्न नसतो आणि पान फाटल्याचा दंडही नसतो. चाळीच्या गच्चीवर, शाळेच्या वर्गात वा मंदिराच्या ओवरीत ती भरविता येते.

वाचनालयांच्या सुट्टीतील बालसभासद योजनांचे स्वरूप याहून भिन्न राहिले. मे महिन्यापुरती अल्प वर्गणी घेऊन मुलांना पुस्तके देणे, हस्ताक्षर, निबंध व कथाकथनाच्या स्पर्धा घेणे आणि शेवटी बक्षीस समारंभ करणे हा अनेक ठिकाणचा क्रम आहे. या योजनांनी वाचकांच्या पिढ्या घडविल्या हे मान्य करूनही, त्यांचा लाभ मुख्यतः ज्या घरांत आधीपासून पुस्तक होते त्या घरांतील मुलांना झाला, असे या रचनेवरून म्हणता येते.

शासन, गिरण्या आणि उंबरठ्याचे नवे रूप :

१९३९ मध्ये मुंबई सरकारने कामगार कल्याण केंद्रे सुरू केली आणि १९५३ च्या कायद्याने त्यांसाठी स्वतंत्र मंडळ व निधी निर्माण झाला. वाचनालय, शिशुमंदिर, शिवणवर्ग, व्यायामशाळा आणि नाट्यस्पर्धा एकाच छताखाली आणणाऱ्या या केंद्रांनी गिरणगावातील कुटुंबांना सामावून घेतले. दुसरीकडे १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने प्रांतासाठी ग्रंथालयांच्या श्रेणीबद्ध रचनेची शिफारस केली आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. या अधिनियमात ग्रंथालय कराची तरतूद नाही. शासन संस्थांना मान्यता देते, अ, ब, क, ड असा दर्जा ठरविते आणि त्यानुसार अनुदान देते. म्हणजेच सभासदांची संस्था हेच एकक कायद्याने कायम ठेवले. संस्थांचे स्वातंत्र्य त्यामुळे टिकले, पण वर्गणीचा उंबरठाही टिकला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि गिरणगावातील सार्वजनिक जीवनाचा आर्थिक आधार ढासळला. पाळी सुटल्यानंतरची सायंकाळ, गिरणीच्या भोंग्याशी बांधलेला रविवार आणि कामगार निधीतून चालणारे केंद्र, या तिन्ही गोष्टींवर त्याचा परिणाम झाला. लालबाग-परळमध्ये गणेशोत्सव मंडळांनी चालविलेल्या अभ्यासिकांना पुढील काळात मिळालेला प्रतिसाद या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. दहा बाय दहाच्या खोलीतील विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षाही आधी बसावयास शांत जागा हवी असते. दामोदर हॉलमधील नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा कलावंतांनी केलेला विरोध नाट्यप्रयोगांच्या तारखांपुरता नव्हता. परवडणारी सार्वजनिक जागा एकदा गेली की ती त्याच स्वरूपात परत येते का, ही शंका त्यामागे होती.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मुंबईतील मराठी वाचनालयांमध्ये ग्रंथांची देवघेव सभासदांपुरती आणि उपक्रम सर्वांसाठी अशी विभागणी आरंभापासून होती. म्हणून उपक्रमांना दुय्यम लेखणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरत नाही. दुसरी, या उपक्रमांचे वेळापत्रक शाळेच्या सुट्टीइतकेच गिरणीचे तास, गावची ओढ आणि सणांचे चक्र यांनी ठरविले. तिसरी, जेथे वर्गणीचा वा जातीचा उंबरठा आडवा आला तेथे लोकांनी पेटी, कथा, अभ्यासवर्ग आणि अभ्यासिका अशा पर्यायी मार्गांनी वाचनसंस्कृती घडविली.

शासनाने २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करण्यास प्रारंभ केला आहे. महाविद्यालये व वाचनालये मिळून सुट्टीतील वाचन-योजनाही आखत आहेत. अशा योजनांचे यश वाटलेल्या प्रमाणपत्रांच्या संख्येवरून मोजण्याची प्रथा आहे. मुंबईचा इतिहास वेगळा निकष सुचवितो. पूर्वी कधीही सभासद नसलेल्या घरातील किती मुले त्या दारातून आत आली आणि योजना संपल्यावरही त्यांना तेथे बसता आले की नाही, हा तो निकष होय. परळच्या पुस्तकपेटीचे महत्त्व तिच्यातील ग्रंथसंख्येवर अवलंबून नव्हते. ती कोणाच्या दारात उघडली गेली यावर ते अवलंबून होते.