चढला कलप उतरेना

केस काळे करण्याची कला माणसाने कशी मिळवली, याचा इतिहास भरपूर सापडतो. काळे केलेले केस पुन्हा होते तसे करण्याची कला कोणी मिळवली, याचा सापडत नाही. मी शोधला आहे. नेरूळच्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, रात्री अकरा वाजता, गळ्यात टॉवेल टाकून आणि मोबाइल साबणाच्या डबीला टेकवून शोधला आहे.

निमित्त पुतणीच्या लग्नाचे. आदल्या रात्री मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कलपाची एक पुडी आणली आणि गुपचूप लावली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष पुडीचा नव्हता. पुडीवर 'नॅचरल ब्लॅक' असे छापले होते. हा रंग मी आजवर फक्त कावळ्याच्या पंखावर आणि नव्या डांबरी रस्त्यावर पाहिला आहे. लावण्यापूर्वी थोडासा हातावर लावून अठ्ठेचाळीस तास थांबावे, असेही आतल्या कागदावर होते. तो कागद मी डोके धुऊन झाल्यावर वाचला. सकाळी आरशात पाहिले तर वीस वर्षे कमी झाली होती. सौभाग्यवतींनी चहाचा कप ठेवता ठेवता एकदा पाहिले आणि "कान पुसा, काळा झालाय," एवढेच म्हणाल्या.

हिचे केस पांढरे आहेत. पूर्वी दर महिन्याला पार्लरमध्ये जायची. मग मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि महाराष्ट्रातली सलूने आणि पार्लरे 28 जूनपर्यंत बंद राहिली. त्या उन्हाळ्यात नवी मुंबईचे खरे वय प्रथमच लोकांना कळले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्या हिशेबाने जूनपर्यंत आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन बोटे सत्य उगवले होते. ज्यांना आम्ही पन्नाशीचे समजत होतो ते आमचे वडीलधारे निघाले. माझेही त्याच दिवसांत पांढरे झाले, आणि आळसाने तसेच राहिले. सलूने उघडली तेव्हा सरकारच्या परवानगीच्या यादीत केस कापणे आणि कलप लावणे, दोन्ही होते. पण आठवडा उलटतो न उलटतो तोच नवी मुंबईत पुन्हा टाळेबंदी. तेवढ्या फटीत ही पार्लरला जाऊन आली. मला वाटले, आता पुन्हा काळी होऊन येईल. आली ती पोरासारखे आखूड पांढरे केस घेऊन. "आता हे असंच," म्हणाली. मी "छान" म्हटले आणि वर्तमानपत्र वाचू लागलो. तेव्हाच नीट पाहिले असते, तर पुढचा सगळा इतिहास टळला असता.

तर, लग्न चेंबूरला होते. परतताना गाडीला ही गर्दी. कॉलेजात जाणारा एक मुलगा चटकन उठला. "आजी, बसा ना." ही बसली. मग तो माझ्याकडे वळून अतिशय अदबीने म्हणाला, "काका, तुमच्या आईंची पिशवी द्या इकडे, वर ठेवतो."

मी पिशवी दिली. दुसरे काय करणार?

मानखुर्द गेले, खाडी आली. खाडी आली की ही हमखास एक गोष्ट सांगते. लग्न होऊन 1986 साली आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हा इकडे गाडी नव्हती. ती वाशीपर्यंत आली 1992 मध्ये. तोवर आम्ही 1973 च्या त्या जुन्या पुलावरून बसने खाडी ओलांडत असू. पहिल्याच दिवशी कंडक्टरने सुटे नाहीत म्हणून चार आणे तिकिटामागे लिहून दिले आणि उतरताना आम्ही ते मागायला विसरलो. चाळीस वर्षे होत आली, ही गोष्ट ऐकल्याशिवाय मी खाडी ओलांडलेली नाही. त्या दिवशी खाडी आली आणि गेली. ही खिडकीबाहेर बघत राहिली. नेरूळला उतरल्यावर म्हणाली, "मुलगा चांगल्या घरचा होता."

कलप त्याच रात्री उतरवायचा, असे मी ठरवले.

आधी पूर्वजांना विचारावे म्हणून वराहमिहिरांकडे गेलो. सहाव्या शतकातल्या त्यांच्या बृहत्संहितेत ग्रह आहेत, पाऊस आहे, भूकंप आहेत आणि सुगंधाच्या अध्यायाच्या तोंडालाच कलप आहे. डोके पांढरे असले की माळा, वस्त्रे, दागिने काही शोभत नाही, असे त्यांचे मत. (हे मी हिला वाचून दाखवलेले नाही.) लोखंडाच्या भांड्यात आंबट घालून शिजवलेला हरीक आणि लोखंडाचा कीस वाटून डोक्यावर थापायचा, ओल्या पानांनी बांधून दोन प्रहर बसायचे. मग आवळ्याचा लेप, आणखी दोन प्रहर. लोखंड आणि तुरट फळ एकत्र आले की काळे होते. आपल्याकडची जुनी शाई अशीच हिरडा आणि हिराकस घालून करत. म्हणजे हा गृहस्थ डोक्यावर दौत उपडी करायला सांगत होता. शेवटी लोखंडाचा आंबूस वास घालवायला सुगंधी तेले दिली आहेत. वास घालवायची कृती आहे. रंग घालवायची नाही!

कालिदासाचा दशरथ बरा. म्हातारपण पांढऱ्या केसाच्या मिषाने कानाशी येऊन कुजबुजले आणि राजा रामाला राज्य द्यायला निघाला. आमच्याकडे संपूर्ण डोके पांढरे झाले तरी कोणी सोसायटीचे चेअरमनपद सोडत नाही.

मग साहेबाकडे वळलो. 1856 साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचे क्विनाइन करायला बसला आणि हाती लागला जांभळा रंग. त्याचे गुरू हॉफमन यांनी 1863 मध्ये ज्या पदार्थाचा अभ्यास मांडला, त्याचे नाव पॅराफिनिलिनडायअमिन. त्या नावाचा उच्चार करेपर्यंत निम्मे केस पिकतात. त्याच कुळातल्या रसायनांवर 1907 मध्ये पॅरिसच्या यूजीन श्युलरने आपला कलप विकायला काढला, आणि 1974 मध्ये गोदरेजने आपल्याकडे बाटलीतला कलप आणला. या रंगांचे मूळ घराणे दगडी कोळशाच्या डांबराचे. म्हणजे डांबरी रस्ता मला उगीच आठवला नव्हता.

या कलपाची खुबी अशी, की त्याचे कण आधी अगदी लहान असतात. केसाची खवले उघडी करून ते आत शिरतात, आत एकमेकांना धरतात आणि मोठे होतात. मग आले त्या दाराने बाहेर पडता येत नाही. दोन दिवसांसाठी म्हणून आलेल्या पाहुण्याचे शास्त्र तेच.

पण हे मला नंतर कळले. आधी खोबरेल चोळले. कान आणि कपाळ स्वच्छ झाले, कारण कातडी जिवंत असते, आपली आपण झडत असते. केस मेलेला. मग भांड्यांचा साबण आणि खायचा सोडा. पाणी काळे आले, मी हर्षभरित झालो. तो वरवरचा निघाला. मग क जीवनसत्त्वाच्या गोळ्या वरवंट्याने ठेचून शॅम्पूत कालवल्या. तिसऱ्या हाताला रंग खरोखर हलला आणि डोके ओल्या मातीसारखे तांबूस झाले. लोक मूळ रंग परत आणायला बसतात ते काळा आणायला. मला माझा पांढरा हवा होता, आणि काळा तांब्यापाशी अडून बसला होता. हायड्रोजन पेरॉक्साइड थेनार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1818 मध्येच शोधून ठेवले आहे, पण तेही काळ्याचे आधी नारिंगी करते. माझी नजर फरशी धुण्याच्या बाटलीकडे वळली, तेवढ्यात दार वाजले.

"काय चाललंय?"

"मूळ रंग आणतोय."

हिने आत येऊन माझ्याकडे, सोड्याकडे आणि वरवंट्याकडे पाहिले. त्या दिवशी पहिल्यांदा हसली. शिलाई मशीनच्या खणातली कात्री घेऊन आली आणि म्हणाली, "बसा. मी वीस साली काय केलं होतं, ते बघितलंत तरी का?"

कात्रीनंतर दाढीच्या मशीनने उरलेले उतरवले. सकाळी दूधवाला पिशवी हातात धरून दारातच थांबला. "कधी झालं, काका?" दुपारपर्यंत तीन बिऱ्हाडे भेटून गेली, एकांनी पिठलंभात आणला. मुलाने मोबाइलवर चेहरा पाहून विचारले, "बाबा, कोण गेलं?"

"कलप," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी दोन सेंटिमीटर पांढरे आले. चेंबूरहून परत येत होतो. एक मुलगी उठून म्हणाली, "आजोबा, बसा." हिने मला खांद्याला धरून बसवले आणि स्वतः दांडी धरून शेजारी उभी राहिली. मानखुर्द गेले. गाडी पुलावर चढली.

"अहो," ही वाकून म्हणाली, "त्या कंडक्टरकडे आपले चार आणे राहिलेत."