चव्हाट्यावरची गीतपत्रे

आयझाया थॉमस हा मूळचा बोस्टनचा मुद्रक. वृत्तपत्र, पंचांगे, पुस्तके छापून त्याने पैसा आणि कीर्ती दोन्ही मिळविली. उतारवयात, सन १८१४ च्या सुमारास, त्याने बोस्टनच्या एका गाणी छापून विकणाऱ्याकडून तीनशेहून अधिक सुटी पत्रे विकत घेतली, ती तीन खंडांत बांधून घेतली आणि १८१२ साली आपणच वुस्टर येथे स्थापिलेल्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या स्वाधीन केली. हलक्या लोकांत सध्या काय चालते ते दाखवावे, असा हेतूही त्याने नोंदवून ठेवला. त्यातला तुच्छभाव लपत नाही. पण याच गृहस्थाने सहा-सात वर्षांचा उमेदवार असताना, बाकावर उभे राहून, असल्याच एका चावट गाण्याचे खिळे जुळविले होते!

इंग्रजीत या पत्रांना ‘ब्रॉडसाइड’ म्हणत. कागदाच्या एकाच बाजूला छपाई, माथ्यावर लाकडी ठशाचे चित्र आणि खाली पद्य. स्वरलिपी नसे, अमुक चालीवर म्हणावे, एवढाच निर्देश असे आणि ती चाल सर्वांना पाठ असे. ज्याला वाचता येत नव्हते त्याने ऐकून पाठ करावे. ठसे महाग पडत, म्हणून तोच ठसा आज एका कथेला, उद्या दुसऱ्या कथेला जोडला जाई. फाशी, जहाजबुडी, लढाई, निवडणूक, काहीही घडले की दोन-चार दिवसांत त्याचे गाणे रस्त्यावर आलेच. १७७५ साली इंग्रज फौजेशी पहिली चकमक झाली, तेव्हा निघालेल्या एका पत्रावर चाळीस काळ्या शवपेट्या छापल्या होत्या आणि खाली शोकगीत होते. बेंजामिन फ्रँकलिननेही पोरवयात, १७१८ साली बुडून मेलेल्या एका दीपगृहरक्षकावर असे गाणे रचून बोस्टनच्या रस्त्यांत विकले होते. खप चांगला झाला. मात्र कवने करणारे बहुधा भिकेला लागतात असे वडिलांनी सुनावले, आणि एक कवी कमी झाला.

आम्हां कॅथलिकांच्या दृष्टीने या ढिगातील एक पत्र विशेष बोलके आहे. ते १७६८ च्या सुमाराचे असून ‘पोप-नाइट’ या उत्सवासाठी छापलेले आहे. १६०५ साली काही कॅथलिक कटवाल्यांनी लंडनचे पार्लमेंट उडवून देण्याचा घाट घातला होता. तो फसल्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला इंग्लंडात होळ्या पेटत, आणि वसाहतकारांनी ती चाल समुद्रापार नेली. बोस्टनमध्ये शहराच्या उत्तर भागाची एक गाडी व दक्षिण भागाची दुसरी, अशा दोन गाड्या निघत. प्रत्येक गाडीवर पोपमहोदयांची व सैतानाची प्रतिमा असे. दोन्ही टोळ्यांत हाणामारी होई आणि शेवटी प्रतिमा जाळल्या जात. १७६४ साली या गर्दीत गाडीखाली सापडून एक मूल दगावले. या दिवसासाठी रचलेली पद्ये छापखान्यातील उमेदवार पोरेच विकत.

आता मौज अशी की, ज्यांची ही विटंबना होत होती ते कॅथलिक बोस्टनमध्ये जवळजवळ नव्हतेच. मॅसॅच्युसेट्सच्या १७०० सालच्या कायद्याप्रमाणे तेथे आढळणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूला जन्मठेप होती. शहरातील पहिली जाहीर मिस्सा झाली ती १७८८ च्या नोव्हेंबरात. म्हणजे गाणे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उभ्या आयुष्यात धर्मगुरू पाहिलेला नव्हता. जो डोळ्यांनी कधी दिसला नाही त्याचा द्वेष चालीवर पाठ होता. हा उत्सव पुढे आवरला गेला त्यात मनपरिवर्तनाचा भाग थोडाच असावा, असे आमचे मत आहे. १७७५ च्या ५ नोव्हेंबरला जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या सैन्यात पोपची प्रतिमा जाळण्यास मनाई केली, आणि कारणही स्पष्ट सांगितले: कॅनडातील कॅथलिकांशी मैत्री हवी असताना त्यांच्या धर्माचा अपमान करणे शहाणपणाचे नव्हे.

पुढे कॅथलिक खरोखरीच आले, आणि मग आग प्रतिमांवर थांबली नाही. ११ ऑगस्ट १८३४ च्या रात्री बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउन येथील अर्सुलाइन भगिनींचा मठ जमावाने जाळला. तेथे एका भगिनीला डांबून ठेवल्याची अफवा होती. आधी भिंतींवर चिथावणीची पत्रके लागली होती. ती पद्यात नव्हती, एवढाच फरक. १८४४ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात दोन कॅथलिक चर्चेस भस्मसात झाली.

त्यानंतर दुष्काळाने पोळलेले आयरिश लोक दहा वर्षांत सुमारे १५ लाखांच्या संख्येने अमेरिकेत उतरले. आता गीतपत्रे विकत घेणाऱ्यांत तेही होते, आणि धंदेवाल्यांना हे कळायला वेळ लागला नाही. न्यूयॉर्कच्या चॅथम स्ट्रीटवर एच. डी मार्सान याचे दुकान होते. सुबक वेलबुट्टीच्या किनारीची त्याची पत्रे प्रसिद्ध होती. १८६२ च्या सुमारास त्याने जॉन एफ. पूल याचे ‘नो आयरिश नीड अप्लाय’ हे गाणे छापले. ‘आयरिशांनी अर्ज करू नये’ ही नोकरीच्या जाहिरातीतील ओळ वाचून एक तरुण त्या मालकाकडे जातो आणि त्याला असा चोपतो की तो माफी मागतो. लंडनमधील मूळ गाण्यात एक आयरिश मुलगी नम्रपणे आपले गाऱ्हाणे मांडते. अमेरिकन कवनकाराने त्या गाऱ्हाण्याचे ठोशात रूपांतर केले. टोनी पास्टर ते रंगमंचावर गाई, आणि प्रेक्षक डोक्यावर घेत.

या गाण्याचे पुढे एक नवल झाले. २००२ साली रिचर्ड जेन्सन या इतिहासकाराने असे मांडले की, पुरुषांना मज्जाव करणाऱ्या अशा जाहिराती व पाट्या जवळजवळ नव्हत्याच. अपमानाची ही आठवण मुख्यतः गाण्यानेच पेरली. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी खोट्या ठरल्यासारखे कित्येक आयरिश घरांना वाटले असेल. मग २०१५ साली अमेरिकेतील एका शाळकरी मुलीने जुन्या वृत्तपत्रांचे संगणकीय संग्रह धुंडाळले आणि तशा अनेक जाहिराती शोधून काढल्या. तिचा लेख विद्वानांच्या नियतकालिकात छापून आला. गाणे खोटे बोलले नव्हते.

पण येथेच थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. १८६३ च्या जुलैत सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल पेटली. तीनशे डॉलर भरणाऱ्याला सूट होती, गरिबाला नव्हती. राग समजण्याजोगा होता. मात्र तो निघाला कृष्णवर्णीयांवर. त्या जमावात आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने होते. त्यांनी माणसे ठार मारली आणि कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालय जाळले. आतील दोनशेहून अधिक मुले सुखरूप निसटली, ही परमेश्वराची कृपा. १७७० साली बोस्टनमध्ये, गुलाम म्हणून आणलेल्या फिलिस व्हीटली या कोवळ्या मुलीचे जॉर्ज व्हिटफिल्ड या धर्मोपदेशकावरील शोकगीत अशाच पत्रावर छापले गेले आणि तिचे नाव सर्वतोमुखी झाले होते. त्यानंतर नव्वद वर्षांनी कृष्णवर्णीयांची भाषा व चेहरा यांची टवाळी करणारी गाणी डी मार्सानच्या दुकानात, आयरिश तरुणाच्या त्या गाण्याशेजारी, विक्रीला होती. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशी चार हजारांहून अधिक गीतपत्रे जपून ठेवलेली आहेत. दोन्ही प्रकारची गाणी तेथे आहेत, आणि किनारीची वेलबुट्टीही बहुधा सारखीच.